बेबीबाईचं रडणं

कोरीटमध्ये कुणी गेलं की डॉक्टरच्या आधी बेबीबाईला बोलावतात, असं गावातली पोरं चेष्टेनं म्हणतात. चेष्टा असली तरी अगदीच खोटी नाही. मयताच्या घरी बायका जमलेल्या असतात, पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात, पण पहिलं कुणी रडायचं यावर गाडी अडते. मग बेबीबाई येते. उंबऱ्याबाहेर चप्पल काढते, मयताच्या पायाशी बसते आणि हेल काढते. एकदा तिनं हेल काढला की वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या जावासुद्धा एकमेकींच्या गळ्यात पडतात. गेलेल्या माणसानं कुठली विहीर खणली, कुणाची लग्नं जुळवली, शेवटच्या आजारात त्याला काय खावंसं वाटत होतं, सगळं तिच्या रडण्यात येतं. घरी परतली की अंगावर पाणी घेते, चहा टाकते आणि मयताच्या सुनेचे डोळे कसे कोरडे होते ते जावेला रंगवून सांगते.

हा आवाज गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. तो कानावर आला की हातातलं टाकून त्या घराकडे निघायचं, वेगळा निरोप लागत नाही. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंदांच्या बायका आवाज ऐकताच पीठ मळायला घेतात. त्या भाकरीला कडू भाकर म्हणतात. चवीला ती रोजच्या भाकरीसारखीच, पण ज्या घरासाठी थापली त्याच घरी ती जाते. परत आणायची नसते.

या हिवाळ्यात गावात टीव्हीच्या मालिकेवाले आले, ते मिरचीसाठी. बेबीबाईचे यजमान हेमकांत यांचं रस्त्याकडेचं रान म्हणजे मिरचीची पथारी. ओली मिरची तिथं पसरून वाळवतात. लांबून जमिनीला कुंकू फासल्यासारखं दिसतं. दिग्दर्शकानं ते रस्त्यावरून पाहिलं आणि मालिकेतलं गाव इथंच, असं ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी सगळी मंडळी शिंकून शिंकून बेजार झाली. डोळ्यांत घालायला आणलेल्या ग्लिसरीनच्या बाटल्या पेटीतच राहिल्या.

नंदुरबारला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवणारा धर्मेंद्र या लोकांना स्थानिक माणसं मिळवून देत होता. मालिकेतली सासू मरणार होती आणि तिच्याभोवती रडणाऱ्या बायका पाहिजे होत्या. "रडणाऱ्या बायका?" धर्मेंद्र म्हणाला, "आमच्याकडे यातली मास्तरीण आहे." बेबीबाई आधी लाजली, मग सारंगखेड्याला माहेरी फोन करून सगळ्यांना सांगून मोकळी झाली. कुठलं लुगडं नेसायचं यावर जावेशी, मंगलाबाईशी, तिचा वादही झाला.

आणि त्या रडण्याच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी बातमी आली.

गुजरातमधल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला होता. टीव्हीवर काळ्या धुराचा लोट, खाली लाल पट्टी, आणि मृतांचा आकडा दर थोड्या वेळानं बदलत होता. धुरामागचं गेट बेबीबाईनं ओळखलं. मुलानं, भाग्येशनं, नोकरी लागली तेव्हा त्याच गेटसमोर उभं राहून फोटो काढून पाठवला होता. फोटो फ्रीजवर चिकटवलेला होता. तिनं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा फ्रीजकडे, आणि फोन उचलला.

भाग्येशचा फोन लागेना. गोकुळचाही लागेना. गोकुळ हा नवलसिंग आणि दिवलीबाईचा मुलगा. हे कुटुंब मूळचं तळोद्याच्या वरच्या डोंगरातलं. नवलसिंग कित्येक वर्षं हेमकांतकडे सालदार म्हणून राबत होता आणि पथारीच्या टोकाला त्यांची झोपडी होती. गोकुळला कंपनीत लावायला दिवलीबाई कधी म्हणाली नव्हती. बेबीबाईच भाग्येशला म्हणाली होती, की त्यालाही घेऊन जा, ऊस तोडत गावोगाव फिरण्यापेक्षा एका जागी राहील. दिवाळीनंतर भाग्येशनं त्याला ड्रम उचलायच्या कामावर लावलं होतं.

हेमकांत आणि नवलसिंग गाडी करून तसेच निघाले. घरात राहिली बेबीबाई आणि टीव्ही. तोच धूर, तेच गेट, मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात, परत धूर. तिचा जीव एका जागी ठरेना. ओट्यावर यायची, रस्ता पाहायची, आत जाऊन आकडा पाहायची, स्वच्छ भांडी परत घासायला काढायची. दिवलीबाईकडे टीव्ही नव्हता. ती संध्याकाळी येऊन ओट्याच्या पायरीशी बसली. इतक्या वर्षांत ती पायरीच्या वर कधी बसली नव्हती आणि तिला वर ये असं कुणी म्हटलंही नव्हतं.

"काय म्हनस टीव्ही?" तिनं विचारलं.

"काही नही म्हनस वं. तेच तेच दखाडस."

दिवलीबाईनं मान हलवली आणि बसून राहिली. ती रडली नाही, नवसही बोलली नाही. अंधार पडताना उठून गेली.

सकाळी गावातल्या बायका बेबीबाईजवळ बसायला आल्या. आल्या त्या मायेनंच, पण पदर तोंडाला लावून बसल्या आणि टीव्हीकडे कमी, तिच्या चेहऱ्याकडेच जास्त पाहू लागल्या. ते बसणं तिच्या ओळखीचं होतं. आयुष्यभर ती अशा बसलेल्या बायकांमध्ये जाऊन पहिला हेल काढत आली होती. आता त्या थांबल्या होत्या, आणि कशासाठी थांबल्या होत्या ते तिला नको तितकं समजत होतं. तिला त्यांचा राग आला. अजून काही कळलेलं नसताना या बायकांनी मन्हा पोऱ्याला जमिनीवर निजवलासुद्धा, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात लाईट गेली. डीपी जळाली म्हणे. टीव्ही बंद पडला आणि बेबीबाईच्या फोनची बॅटरीही संपत आलेली. भाग्येशचा फोन आला आणि आपलाच फोन मेलेला असला तर? तिनं चार्जर उचलला आणि बायकांना तसंच सोडून ती पथारीकडे चालू लागली. तिथं शूटिंगवाल्यांचा जनरेटर होता.

धर्मेंद्र तिला पाहून ओशाळला. "काकू, तुम्ही कशाला आलात? मी सांगितलंय त्यांना, तुम्ही आज नाही म्हणून."

"मी रडाले नही उनी. फोन लाव चार्जिंगले."

फोन व्हॅनमध्ये लागला. बेबीबाई बाजूच्या खाटेवर टेकली. पथारीच्या दुसऱ्या टोकाला दिवलीबाई तोंडाला फडकं बांधून मिरची उलटीपालटी करत होती. कामावर ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पण झोपडीत बसून ती तरी काय पाहणार होती?

समोर टेक चालला होता. मेलेली सासू मधूनमधून उठून बसायची, नाकातला कापूस काढायची आणि नळीनं नारळपाणी प्यायची. सून झालेली नटी मुंबईची होती, पोरगी गुणी, पण रडणं म्हणजे कुकरची शिटी. एकदा झालं, दोनदा झालं, दिग्दर्शक डोकं धरून बसला. बेबीबाई खाटेवर चुळबुळ करायला लागली. मुलगा सापडत नाही आणि तरी हे बेसूर रडणं तिला सहन होईना. आचाऱ्याच्या समोर कुणी पोळी करपवावी तसं तिला झालं. शेवटी ती उठलीच.

"असं नही वं, बेटा. आधी नाव ले. नाव लिसन हाक मार. मंग आपोआप येस."

नटी म्हणाली, दाखवा ना. बेबीबाई मेलेल्या सासूच्या पायाशी बसली. सासूचं नाव काय ठेवलं होतं ते तिला सांगितलेलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि वेगळंच नाव आलं.

"मन्हा भाग्या रे... तुन्हं ताट वाढेल शे रे, बाबा... कोठे बठीसन खाशी रे..."

मग ते तिच्या हातात राहिलं नाही. कालपासून जे दातांखाली धरलं होतं ते सगळं बाहेर पडलं. भाग्येश लहानपणी तापीच्या पुरात चप्पल वाहून गेली म्हणून रडला होता ते आलं, हॉस्टेलला जाताना मागं वळून न पाहता एसटीत चढला ते आलं. नटी खरीच रडू लागली. मेलेल्या सासूच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं नाही.

आवाज गावात गेला. तो बेबीबाईचा होता, आणि त्यात भाग्येशचं नाव होतं.

कोरीटनं जे करायचं तेच केलं. डेअरीवर दूध मोजणारा पितांबर माप तसंच टाकून निघाला, आणि निघता निघता त्यानं सुरतेच्या भाच्याला फोन लावला. बसलेल्या बायका उठून धावत सुटल्या. मंगलाबाईनं रडत रडत पीठ मळलं, घाईनं भाकरी थापल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन ती पथारीवर आली. सगळं गाव लाल मिरचीच्या कडेला गोळा झालं. दिग्दर्शकाला वाटलं, धर्मेंद्रनं माणसं छान जमवली. त्यानं कॅमेरा गर्दीकडे वळवला.

"कधी कयनं?" पितांबरनं धर्मेंद्रच्या खांद्याला धरून विचारलं. म्हणजे, कधी कळलं?

"काय?" धर्मेंद्र म्हणाला.

मग हळूहळू उलगडा झाला. गर्दी चिडली. माणसं रडायला धावून यावीत आणि रडायचं कारणच नसावं, ही फसगत गावानं कधी पाहिली नव्हती. सगळ्यात जास्त मंगलाबाई भडकली. टोपली अजून तिच्या डोक्यावरच होती.

"जित्ता पोऱ्याना नावनं रडस का कोनी? तुले काही वाटनं नही का वं, बाई?"

आपण मुलाच्या नावानं अभद्र केलं हे बेबीबाईला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. ती मिरचीतच बसून राहिली, डोळे चोळले तर आगडोंब उसळेल हेही तिच्या ध्यानात नव्हतं.

इकडे सुरतेच्या भाच्यानं आपली हुशारी दाखवली होती. त्यानं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'हेमकांत नाना यांचे घरी दुःखद घटना.' कोण गेलं ते लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि जोडलेले हात यांची रांग लागली. आपल्या लोकांना श्रद्धांजली वाहायला मयताचं नाव लागतंच असं नाही.

आणि त्या मूर्खपणानंच काम केलं. गुजरातेतल्या एका लहानशा दवाखान्यात, भाग्येशच्या शेजारच्या खाटेवर सारंगखेड्याकडचा एक कामगार पडला होता. मामाच्या गावाचा म्हणून तोही त्या ग्रुपमध्ये होता. त्यानं तो मेसेज पाहिला आणि विचारलं, कोरीटचे हेमकांत नाना म्हणजे तुझे वडील ना? भाग्येशचा हात भाजला होता, फोन आत जळाला होता, आणि आजकालच्या पोरांना आईचा नंबरही पाठ नसतो. ग्रुपमध्ये तो नंबर सापडला.

धर्मेंद्र व्हॅनमधून फोन घेऊन पळत आला. बेबीबाईनं कानाला लावला.

"माय, मी भाग्या बोली ऱ्हायनू." त्याचा आवाज फाटलेला होता. "कोन गयं? नाना गयात का?"

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग ती म्हणाली, "कोनी नही रे, बाबा. कोनीच नही गयं."

तो तिकडे रडत होता आणि ही इकडे हसत होती. तू कसा आहेस, हाताला किती लागलं, जेवलास का, कुणाचं अंथरूण आहे, नाना तिकडेच शोधताहेत तुला, दवाखान्याचं नाव सांग. गर्दी एकदम मोकळी झाली. आत्ता रागावलेली मंगलाबाई जावेच्या गळ्यात पडली. पितांबर सगळ्यांना फोन लावून श्रद्धांजली मागं घ्यायला सांगत सुटला. बेबीबाईनं फोन ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि मान वर केली.

समोर दिवलीबाई उभी होती. तोंडावरचं फडकं तिनं खाली ओढलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

"मन्हा गोकुळ?" तिनं विचारलं.

इतकं सगळं विचारलं, अंथरुणाची चौकशी केली, आणि हे एक नाव तिच्या तोंडी आलं नाही. "इचारनंच ऱ्हायी गयं, दिवली," ती म्हणाली.

दिवलीबाईनं लाल हात लुगड्याला पुसले. तिनं काही बोलावं, चिडावं, निदान तोंड फिरवावं, असं बेबीबाईला फार वाटलं. बेबीबाईनं लगेच तो नंबर परत लावला. भाग्येशनं आधी दवाखान्याचं नाव परत सांगितलं. मग म्हणाला, "तो खाले ड्रमकडे व्हता, माय. नाना पोचतीन, मंग नानाच सांगतीन." बेबीबाईला जे समजायचं ते समजलं. तिनं दिवलीबाईला एवढंच सांगितलं, की नाना आणि नवलसिंग पोचले की कळेल. दिवलीबाईनं फडकं परत तोंडावर बांधलं आणि ती मिरचीकडे वळली.

दुपारी लाईट आली. दिग्दर्शक खूश होता, त्याला उद्या सकाळीही असंच काही पाहिजे होतं. पण परत सगळं गाव मध्ये धावत येऊ नये म्हणून त्यानं धर्मेंद्रला पिटाळलं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला कळवण्यात आलं. धर्मेंद्रनं ते शाळेतल्या मराठीत, ऐटीत वाचलं. "ग्रामस्थांना सूचना. गावात मालिकेचं शूटिंग चालू आहे. शूटिंग संपेपर्यंत रडण्याचा आवाज आल्यास कुणीही घाबरून जाऊ नये आणि धावत येऊ नये."

बेबीबाईनं घरात ते ऐकलं. तिच्या पायाशी मंगलाबाईनं आणलेली टोपली पडली होती. ती भाकर घरात कुणी खाणार नव्हतं आणि मंगलाबाई ती परत नेणार नव्हती. कडू भाकर आली आणि मयत नाही, असं आजवर झालंच नव्हतं, त्यामुळे तिचं काय करायचं ते म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. बेबीबाईला तिच्याकडे पाहवेना. कालपासून बंद असलेली चूल तिनं पेटवली, भाग्येश सापडला म्हणून गूळ काढला, आणि तो परातीतच ठेवून परत ओट्यावर आली. आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, पण तो अंगाला लागेना. पथारीच्या टोकाकडे तिची नजर सारखी जात होती.

सूर्य मावळता हेमकांतचा फोन आला. भाग्येश ठीक आहे, आपण त्याला पाहिलं. गोकुळ सापडला होता. नवलसिंगनं हातातल्या चांदीच्या कड्यावरून ओळखला. "दिवलीले आते काही सांगू नको," हेमकांत म्हणाले. "आम्ही लिसन येतस त्याले."

पण झोपडीत गोकुळची बायको सुनिता होती, तिच्याकडे साधा फोन होता, आणि नवलसिंग बाप होता. त्याला किती वेळ गप्प राहता येणार? बेबीबाईनं फोन खाली ठेवला न ठेवला तोच पथारीच्या टोकाकडून आवाज आला. तो हेल नव्हता. एक हाक, मग शांतता, मग परत तीच हाक.

शेजारच्या अंगणात मंगलाबाई दोरीवरचे कपडे काढत होती. "सुरू व्हयनं वाटस परत," ती म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

बेबीबाईनं पीठ घेतलं. त्या टोपलीतल्या भाकरी न्याव्यात असं क्षणभर मनात आलं, पण त्या तिच्या दाराच्या होत्या, भाग्येशच्या नावच्या. त्या दुसऱ्याच्या पदरात कशा टाकायच्या? तिनं भराभर नव्या भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि ती चालू लागली. वाटेत शूटिंगवाले दिवे उतरवत होते. धर्मेंद्र काही तरी बोलला, ती थांबली नाही.

दिवलीबाई झोपडीपुढे जमिनीवर बसली होती. सुनिताच्या मांडीत फोन पडला होता. दिवलीबाई तिच्या डोंगरातल्या बोलीत बोलत होती, बेबीबाईला त्यातलं गोकुळ एवढंच कळत होतं. बेबीबाई तिच्याशेजारी मातीत बसली. या दारात ती कधी बसली नव्हती. इतक्या वर्षांत नवलसिंगच्या म्हाताऱ्या आईचं मरण झालं होतं, एक लहान मूल गेलं होतं, आणि गावानं लांबूनच कळून घेतलं होतं.

ती गावाकडे तोंड करून बसली आणि तिनं हेल काढला. मुद्दाम मोठा काढला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. गोकुळ लहानपणी बैलाच्या पाठीवर झोपून घरी यायचा ते तिनं सांगितलं. झाडावर चढून भाग्येशला चिंचा खाली टाकायचा ते सांगितलं. मीच त्याला पाठवलं, तेही सांगितलं. आजवर इतक्या मयतांना ती रडली, पण इतकं खरं तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मधेच थांबून ती रस्त्याकडे पाहायची. रस्ता मोकळा होता. ती परत सुरू करायची, आणखी वर.

शूटिंग नसतं तर गाव त्या झोपडीकडे धावलं असतं का, हे कोरीटमध्ये कुणाला विचारू नये. उत्तर देणारा दुसरीकडे पाहायला लागतो. पण त्या संध्याकाळी आवाज पोचला होता. मंगलाबाईनंच दुसऱ्या दिवशी बेबीबाईला सांगितलं, काही हातचं राखून ठेवलं नाही. आम्ही ऐकलं, म्हणाली, तुझा आवाज ओळखला. सकाळचं नीट आलं नसेल म्हणून परत घेत असतील, असं पितांबर म्हणाला. टीव्हीवर त्याच कंपनीच्या बातम्या लागल्या होत्या, मेलेल्यांची नावं सांगत होते, आणि तुझ्या रडण्यापुढे काही ऐकू येईना. म्हणून मी दार लोटून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.